तेवढा दिवा घालवून द्या

‘टायरबद्दल लिहा, पण सामान्य वाचकाला कळेल असं,’ अशी संपादकांची अट आहे. टायरमध्ये न कळण्यासारखं फारसं काही नाही. लोकांना ऐकायचं नसतं, ही खरी अडचण.

लातुरात माझं टायर-अलाइनमेंटचं दुकान आहे. थंडी पडली की सकाळी दुकान उघडायच्या आत गाड्या उभ्या. ‘काका, तो पिवळा दिवा लागलाय, तेवढा रिसेट मारून द्या.’ घोड्याच्या नालासारखी खूण, मधे उद्गारचिन्ह. गाडी सुरू केल्यावर तो आधी मिनिटभर लुकलुकून मग स्थिर राहिला, तर बहुधा सेन्सर बिघडलाय किंवा त्याची बॅटरी संपलीय. लुकलुकला नाही, नुसताच पेटून राहिला, तर हवा कमी आहे. थंडीत बहुतेक वेळा हवाच कमी असते. तापमान साधारण साडेपाच अंशांनी उतरलं की दाब एक पीएसआयनं उतरतो. मे महिन्यात ४० अंशांत भरलेली ३३ हवा डिसेंबरच्या पहाटे १२ अंशांत २८ वर येते. शिवाय महिन्याकाठी थोडी झिरपते, ती वेगळीच.

यावर हमखास उत्तर येतं: ‘आमच्यात नायट्रोजन आहे!’ अहो, साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. थंडीत दाब दोन्हींचा सारखाच उतरतो. नायट्रोजन कोरडा असतो, जरा हळू झिरपतो, हे मान्य. विमानाला तो हवाच. पण व्हॉल्व्हवर हिरवं टोपण बसलं की माणूस सहा-सहा महिने गेज लावत नाही. मग त्या कोरडेपणाचं काय लोणचं घालायचं?

रिसेटचा घोटाळा याहून मोठा. काही गाड्यांत प्रत्येक चाकात, व्हॉल्व्हच्या बुडाशी सेन्सर असतो. तो खरा दाब मोजून रेडिओनं कळवतो. कुशाक, टायगुनसारख्या गाड्यांत चाकात असं काही नसतं. एबीएसचे सेन्सर चाकांच्या फिरण्याचा वेग मोजतात. हवा उतरलेल्या चाकाची त्रिज्या किंचित घटते, ते इतरांपेक्षा जोरात फिरतं, आणि तो फरक दिसला की दिवा लागतो. अशा गाडीत बटण दाबणं म्हणजे ‘आत्ता आहे तीच हवा बरोबर धर’ असं तिला शिकवणं. म्हणून आधी थंड टायरमध्ये दारावरच्या तक्त्याप्रमाणे हवा, आणि मगच बटण.

गेल्या हिवाळ्यात नांदेडहून एक तरुण बायको-लेकरांसह येत होता. अहमदपूर सोडल्यावर गाडी एका बाजूला ओढायला लागली. दिवा लागला की बटण दाबायचं, हे त्याचं कित्येक महिने चाललेलं. टायर रिमवरून उतरवला तर आतून ओंजळभर काळा भुगा सांडला. साईडवॉलला आतून गोल पट्टा घासलेला, बोट फिरवलं तर दोरे लागत होते. बाहेरून नक्षी मात्र नव्यासारखी. ‘पण दिवा तर बंद होता,’ तो म्हणाला. उरलेल्या तिन्ही चाकांतही हवा कमीच निघाली.

असा टायर फुटला की ‘देवाची करणी’ म्हणायची आपल्याकडे पद्धत. मुंबई उच्च न्यायालयानं २०२३ मध्ये एका विमा कंपनीचं हेच म्हणणं फेटाळलं. टायर फुटायची कारणं सांगताना कमी हवा आणि जास्त हवा, दोन्ही मोजली. त्याआधी, २०२० पासून, ट्यूबलेस टायर, पंक्चर किट आणि हा दिवा असेल तर छोट्या गाडीला स्टेपनी नसली तरी चालते. म्हणजे स्टेपनीची भिस्त आता या दिव्यावर, आणि लोक तो बटण दाबून घालवतात.

मी दिवा घालवायचे पैसे घेत नाही. टायर उतरवून आतून बघायचे घेतो. त्यावरून रोज एक तरी गिऱ्हाईक भांडतं आणि पुढच्या चौकातल्या पोराकडे जातं. तो मिनिटात घालवून देतो.