गावाची तडजोड

भांडण मिटले, चार माणसे चहा पिऊन उठली, की आपण म्हणतो, बरे झाले, तडजोड झाली. माझ्या आजीला मात्र हा शब्द आवडत नसे.

इंग्रजांच्या काळात बुटीबोरीजवळच्या तिच्या माहेरी पटकीची साथ आली. लेकरे दगावली. भगताने एका विधवेकडे बोट दाखवले. तिच्या दोन एकरांवर दिराचा डोळा होता. लोक काठ्या घेऊन निघाले. पाटलाने मध्ये पडून तोड काढली : तिला कोणी हात लावायचा नाही, तिने रातोरात गाव सोडायचे. गाव शांत झाले. जमीन दिराची झाली. लोक म्हणत, “जीव तर वाचला!” आजी म्हणे, “चेटकीण हे नाव पुसले का कोणी?”

हे एका गावाचे नव्हते. खानदेशात भिल्लांमध्ये डाकीण ठरवलेल्या बाईच्या डोळ्यांत मिरची घालत, तिला झाडाला उलटी टांगत. १८६० च्या इंग्रजी दंडविधानाने चेटूक मानले नाही. मारले तर खून, नाव घेतले तर बदनामी. पण बदनामीची फिर्याद बाईनेच कोर्टात न्यायची, आणि ती आपसांत मिटवताही येई. एकटी विधवा नागपूरची कचेरी कशी गाठणार? निवाडा पाटलाच्या ओसरीवरच होई.

डिसेंबर २०१३ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला. त्यासाठी झटलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात खून झाला होता. या कायद्याखालचा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे. तरी ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील वणी खुर्द येथे दलित कुटुंबातल्या म्हाताऱ्या माणसांना करणीच्या संशयावरून भर चौकात बांधून मारले.

बुटीबोरीच्या एमआयडीसीत कामासाठी कुठून कुठून माणसे येतात, एका भिंतीला भिंत लावून राहतात. मायबहिणींनो, शेजारी लेकरू तापले आणि कोणी एखादीवर बोट दाखवले, तर आधी लेकराला दवाखान्यात न्या. मग त्या बाईसोबत ठाण्यात जा. आणि कोणी तडजोडीला बसवले, तर एकच विचारा : यात खोली कोणाला सोडावी लागणार? उत्तर तिचेच नाव असेल, तर तिथून उठा.