अंजनेरीचे वानर खातात तरी काय?

नाशिकहून त्र्यंबकच्या रस्त्याला लागले की वीसेक किलोमीटरवर अंजनेरी फाटा येतो. दरवर्षी आमचे मंडळ मुलांची सहल त्रिरश्मी लेण्यांवर नेते. मुलांना तिथल्या पायऱ्या आता पाठ झाल्या आहेत. म्हणून यंदा म्हटले, डोंगर दाखवू. भाकरी-चटणीचे डबे, पाण्याचे कॅन, पोरेबाळे आणि आयाबाया असा आमचा ताफा सकाळच्या एसटीने निघाला.

गाडीतच सहावीतल्या एका मुलाने विचारले, "काका, अंजनेरीच्या जंगलात गोरिला असतो का?" सगळे हसले. आम्हाला मात्र प्रश्न आवडला. ज्याच्या घरात प्राण्यांची पुस्तके नाहीत त्याने विचारायचे तरी कोणाला?

गोरिला फक्त आफ्रिकेत. त्यातला डोंगरी गोरिला रवांडा, युगांडा आणि काँगो यांच्या सीमेवरच्या उंच, ओल्या जंगलात राहतो. सगळे मिळून हजाराच्या थोडे वर उरले आहेत. एवढा धिप्पाड प्राणी, पण खातो काय? पाला, देठ, बांबूचे कोंब, खाजकुटीसारख्या झाडांची पानेसुद्धा. सखल भागातला त्याचा भाऊबंद फळांवर जास्त भर देतो. चाऱ्यातूनच पाणी मिळत असल्याने तो क्वचितच पाणी प्यायला जातो. रोज संध्याकाळी पानाफांद्यांचा नवा बिछाना करतो. सिनेमातला छाती बडवून माणसे उचलणारा गोरिला हा माणसाच्या डोक्यातला.

आपल्याकडे अशी पाल्यावर जगणारी जात म्हणजे काळतोंड्या वानर. माकड आणि वानर आपण एकच समजतो, पण त्यांत फरक आहे. तांबड्या तोंडाच्या माकडाच्या गालात पिशव्या असतात. मिळेल ते भराभर कोंबायचे आणि झाडावर बसून सावकाश खायचे, ही त्याची रीत. वानराला गालात पिशवी नाही. त्याची करामत पोटात. गाईसारखे त्याच्या पोटाचे कप्पे असतात आणि त्यांतले सूक्ष्म जंतू पाला आंबवून पचवतात. म्हणून जून झालेली, कडवट पानेही त्याला चालतात. भर दुपारी तो फांदीवर शेपूट सोडून बसलेला दिसतो, त्याला आपण आळशी म्हणतो. प्रत्यक्षात त्याच्या पोटात भट्टी चालू असते.

अंजनेरीची चढण सुरू झाली तेव्हा उंबराच्या झाडावर अशी एक टोळी बसली होती. माद्या, पोटाला बिलगलेली पिल्ले, आणि वरच्या फांदीवर एक थोराड नर. कोवळी पाने, उंबरे, कळ्या असे निवडून निवडून चालले होते. अर्धे खाली पडत होते. या सांडलवंडीवर हरणांचे पोट चालते. मध्य प्रदेशच्या जंगलात वानरांच्या झाडाखाली चितळे येऊन उभी राहतात.

आमच्याबरोबर एक मावशी होत्या. त्यांनी पिशवीतून केळे काढले. आम्ही म्हटले, "मावशी, नका देऊ. गोड आणि पिठाचे पदार्थ त्याच्या पोटाला सोसत नाहीत. सवय लागली की तो रस्त्यावर येतो आणि गाडीखाली जातो." मावशींनी केळे हातातच ठेवले. म्हणाल्या, "भाऊ, बहात्तरच्या दुष्काळात मी लहान होते. माय खडी फोडायला जायची. सुखडी मिळायची ती आम्हा पोरांना, आणि ती स्वतः तरोट्याचा पाला उकडून खायची. उंबरंही खाल्ली आम्ही. मुक्या जीवाला पाल्यावर बघून माझ्या पोटात कालवतं."

यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते असे नाही. त्याचा पाला हे त्याचे जेवण आहे, आपला पाला ही आपली लाचारी होती. हे आम्ही सांगितले. मावशींना ते पटले की नाही कोण जाणे, केळे मात्र त्यांनी आमच्याच एका पोराला दिले.

पायथ्याला एक शेतकरी दादा भेटले. भात, नागली, वरई ही इकडची पिके. माकडांची टोळी उतरली की एका सकाळीत वाफा साफ, असे ते सांगत होते. घरातले एक माणूस राखणीलाच जाते, म्हणजे त्याची मजुरी बुडते. देवदर्शनाला आलेले लोक केळी, फुटाणे, बिस्किटे टाकतात आणि पुण्य घेऊन घरी जातात. चटावलेली माकडे मागे राहतात ती या दादांच्या वाट्याला.

आणि भांडण कशाचे? २०२२ साली हनुमानाचे जन्मस्थान अंजनेरी की कर्नाटकातील किष्किंधा, यावर नाशिकला धर्मसभा भरली आणि ती हमरीतुमरीवर आली. खऱ्या वानराच्या चाऱ्याचा विषय तिथे निघाला असता तर आम्हाला आनंद झाला असता. अंजनेरीचा काही भाग २०१७ मध्ये राखीव संवर्धन क्षेत्र झाला. इथल्या कड्यांवर गिधाडे घरटी करतात. अंजनेरीचेच नाव मिळालेले कंदीलपुष्पही इथे फुलते. तरीही ब्रह्मगिरी ते अंजनेरी रोपवेचा प्रस्ताव पुढे आला आणि निसर्गप्रेमींना विरोधाला उभे राहावे लागले.

परतताना मुलांना आम्ही उपळ्याची गोष्ट सांगितली. धाराशिव जिल्ह्यातल्या या गावात ३२ एकर जमीन कागदोपत्री माकडांच्या नावावर आहे. २०२२ मध्ये ही बातमी देशभर गाजली. वनखात्याने तिथे झाडेही लावली आहेत. मुले टाळ्या वाजवून हसली. आम्हीही हसलो, पण मनात कर्मवीर दादासाहेब गायकवाड आले. दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचा हा माणूस. पडीक आणि गायरान जमीन कसणाऱ्या भूमिहीनांना मिळावी म्हणून १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये त्यांनी सत्याग्रह उभे केले आणि माणसांनी तुरुंग भरले. माकडांच्या ३२ एकरांबद्दल आमची तक्रार नाही. त्यांच्या झाडांना जागा हवीच, नाहीतर ती दादांच्या वाफ्यात उतरणार. पण गायरानावर दोन पिढ्या राबून आजही ज्यांच्या नावाचा सातबारा नाही, अशी कुटुंबे आपल्या वाचकांतच असतील.

ज्यांना अंजनेरीला जायचे आहे त्यांनी पावसाळा ओसरल्यावर जावे. नाशिकहून त्र्यंबकच्या गाड्या वरचेवर असतात, फाट्यावर उतरून गावातून चालत जाता येते. डबे कापडात बांधून पिशवीच्या तळाशी ठेवावेत, प्लास्टिकच्या पिशवीचा आवाज माकडाला लांबून कळतो. आणि लेकरांना आधीच सांगून ठेवावे, वानराकडे बघून दात दाखवू नयेत. त्याला ती धमकी वाटते.