पेल्यातली दुसरी पूड

चेन्नईहून मदुराई, तिरुचिरापल्ली किंवा त्याहून दक्षिणेकडे निघालात, तर सुमारे ३० किलोमीटरवर तांबरम लागते. एकेकाळी हे शहराबाहेरचे शांत गाव होते. हवा चांगली म्हणून १९२८ मध्ये डॉ. डेव्हिड चौरी मुथु यांनी इथे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभारले. १९३१ मध्ये चेन्नई बीच ते तांबरम ही मीटर गेजवरची विजेची लोकल सुरू झाली आणि गाव शहराला जोडले गेले. १९३७ मध्ये मद्रास ख्रिश्चन कॉलेज जॉर्ज टाउनची गर्दी सोडून इथल्या झुडपी रानात आले. जुने मीटर गेजचे रूळ २००४ मध्ये इतिहासजमा झाले, आणि २०२१ मध्ये तांबरमला स्वतःची महानगरपालिका मिळाली. आज स्थानकाबाहेर पडलात, की बस, रिक्षा, फुलवाल्या आणि माणसांचा लोंढाच अंगावर येतो.

या गर्दीत सकाळच्या वेळी एक वास हमखास भेटतो. तो असतो ताज्या दळलेल्या कॉफीचा. तमिळनाडूच्या बहुतेक गावांप्रमाणे इथेही कॉफी भाजून, दळून देणारी दुकाने आहेत. आपल्याकडे पिठाच्या गिरणीत जसे “बारीक की जाडसर?” असे विचारतात, तसा या दुकानात एक ठरलेला प्रश्न असतो: “चिक्करी किती?” चिक्करी म्हणजे चिकोरी. कुणी शंभरात वीस सांगतो, कुणी तीस, कुणी चाळीस, तर कुणी ठामपणे “अजिबात नको” म्हणतो. घराघरांचे प्रमाण ठरलेले असते आणि सून सासरी आली, की तिला ते आधी शिकावे लागते!

आपल्या महाराष्ट्रात चहाचे राज्य. कॉफी आली तरी ती दुधात उकळलेली आणि वर जायफळाचा किंवा वेलदोड्याचा वास असलेली. त्यामुळे चिकोरी म्हटले, की आपल्यापैकी अनेकांच्या मनात पहिला शब्द येतो तो ‘भेसळ’. पण ही चिकोरी आहे तरी काय? ती कोण पिकवते, आणि कॉफीच्या पेल्यात ती शिरली कशी?

निळ्या फुलांचे झुडूप

चिकोरी हे सूर्यफूल आणि शेवंतीच्या कुळातले एक रोप. फुले सुंदर निळी. युनानी हकीम ज्याला कासनी म्हणतात, ती हीच. कोवळ्या पानांची भाजी होते, गुरांना चाराही होतो. पण कॉफीसाठी महत्त्वाचे असते ते तिचे मूळ. ते मुळ्यासारखे जमिनीत सरळ खोल जाते. ते काढून, धुऊन, तुकडे करून वाळवतात, मग भाजतात आणि दळतात. मुळात इन्युलिन नावाचा पिष्टासारखा पदार्थ भरपूर असतो. भाजताना त्याची साखर होऊन ती करपते आणि म्हणूनच पुडीला गडद तपकिरी रंग आणि गुळचट-कडू चव येते. कॅफिन मात्र तिच्यात मुळीच नसते.

दक्षिणेत कॉफी गाळतात ती पितळी किंवा स्टीलच्या दुमजली भांड्यात. वरच्या भांड्याच्या तळाला बारीक भोके असतात. त्यात पूड घालून ती हलकेच दाबायची, वरून उकळते पाणी ओतायचे आणि झाकण ठेवून वाट पाहायची. पंधरा-वीस मिनिटांत खाली थेंब थेंब काळाभोर अर्क जमतो. त्याला डिकॉक्शन म्हणतात. त्यात गरम दूध आणि साखर घालून पेल्यातून पसरट वाटीत उंचावरून ओतले, की फेसाळ कॉफी तयार. या कृतीत चिकोरीचे काम मोठे आहे. भाजलेल्या चिकोरीचा जेवढा अंश पाण्यात उतरतो, तो कॉफीच्या मानाने पुष्कळच जास्त असतो. त्यामुळे अर्क दाट आणि गडद होतो आणि भरपूर दूध घातले तरी फिका पडत नाही. शिवाय चिकोरी कॉफीपेक्षा स्वस्त. थोडक्या पुडीत मोठ्या घराची सकाळ भागते.

राजाची जकात, सम्राटाची नाकेबंदी

कॉफीऐवजी चिकोरी पिण्याची कल्पना युरोपातली आणि तिच्यामागे चवीपेक्षा टंचाईच जास्त होती. अठराव्या शतकात प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याला परदेशी कॉफीवर जाणारा पैसा सलत होता. १७८१ मध्ये त्याने कॉफी भाजण्याचा हक्क सरकारच्या हाती घेतला आणि चोरून भाजणाऱ्यांना पकडायला चक्क वास घेत हिंडणारी माणसे नेमली! सामान्य लोक मग चिकोरीकडे वळले. पुढे १८०६ मध्ये नेपोलियनने इंग्लंडच्या व्यापाराची नाकेबंदी जाहीर केली. समुद्रापारची कॉफी युरोपात दुर्मिळ झाली आणि फ्रान्समध्ये चिकोरी घरोघर पोहोचली. नाकेबंदी उठली, कॉफी परत आली, पण लागलेली चव गेली नाही.

इंग्लंडमध्ये गोष्ट वेगळी घडली. तिथले दुकानदार कॉफीत चिकोरी मिसळत आणि कॉफी म्हणूनच विकत. १८५० नंतरच्या काही वर्षांत डॉ. आर्थर हिल हॅसॉल यांनी बाजारातल्या कॉफीचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा बहुतेकांत चिकोरी निघाली. मोठी ओरड झाली. शेवटी ग्राहकाला मिश्रण विकताना ते मिश्रण आहे असे सांगणे विक्रेत्यांना भाग पडले. म्हणजे दोष चिकोरीचा नव्हता; न सांगता घालण्याचा होता.

ग्लासगोच्या पॅटरसन कंपनीची १८७६ पासूनची ‘कॅम्प कॉफी’ हेही कॉफी आणि चिकोरीचेच पातळ सार. बाटलीतले चमचाभर सार गरम पाण्यात घातले, की पेय तयार. तिच्या लेबलावर तंबूसमोर बसलेला स्कॉटिश सैनिक आणि त्याच्या सेवेला उभा असलेला शीख माणूस असे चित्र होते. बऱ्याच वर्षांनी, २००६ मध्ये, ते चित्र बदलले आणि दोघे शेजारी बसून कॉफी पिऊ लागले.

इंग्रज जिथे वसले तिथे ही चव गेली आणि चवीमागोमाग पीकही गेले. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या एका लहानशा बेटावर तर या पिकाने कित्येक कुटुंबांचा संसार चालवला.

भट्ट्यांचे बेट

मेलबर्नपासून सुमारे १४० किलोमीटरवर वेस्टर्नपोर्ट या उपसागराच्या तोंडाशी फिलिप बेट आहे. लांबी सुमारे २६ किलोमीटर, रुंदी जास्तीत जास्त नऊ. मूळच्या बूनूरॉंग लोकांचे या बेटासाठीचे नाव मिलोवल. गोऱ्यांनी ते आधी मेंढ्यांच्या कुरणासाठी घेतले. १८६८ मध्ये सरकारने जमिनीचे तुकडे पाडून ते वसाहतवाल्यांना खुले केले. लहान तुकड्यावर कुटुंबाचे पोट भरेल असे नगदी पीक त्यांना हवे होते. ते चिकोरीच्या रूपाने मिळाले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झालेली ही शेती पुढे जवळजवळ शंभर वर्षे टिकली आणि ऑस्ट्रेलियाच्या चिकोरीचा मोठा हिस्सा या एका बेटावरून जाऊ लागला.

पीक सोपे नव्हते. बारीक बी पेरायचे, रोपे विरळ करायची, महिनोन्‌महिने वाकून तण काढायचे. मूळ खोल आणि ठिसूळ. ओढले तर अर्धे जमिनीतच राहते. म्हणून ते उकरण्यासाठी खास अवजार असे. त्याला लोक ‘चिकोरी डेव्हिल’, म्हणजे चिकोरीचा सैतान म्हणत. या नावावरूनच कामाची कल्पना यावी!

काढणी होई ती शरद आणि हिवाळ्यात. तिकडचा हिवाळा म्हणजे आपला जून-जुलै, थंड आणि ओलसर. ताज्या मुळाच्या वजनात तीन चतुर्थांशांच्या आसपास पाणीच असते आणि तशा हवेत ते उन्हात वाळणे शक्य नव्हते. त्यामुळे शेतकऱ्यांनी शेतातच उंच भट्ट्या बांधल्या. खाली लाकडांचा जाळ, वर भोकांची जमीन आणि तिच्यावर पसरलेले मुळांचे काप. जाळ विझू द्यायचा नाही आणि काप करपूही द्यायचे नाहीत, म्हणून रात्रभर जागून ते परतावे लागत. आपल्याकडे गुऱ्हाळाच्या चुलाणावर जशी रात्र जागते, तशीच. वाळलेला माल मग भाजण्या-दळण्यासाठी बाहेर जाई. १९४० मध्ये बेटाला मुख्य भूमीशी जोडणारा पहिला पूल झाला. तोपर्यंत सगळी वाहतूक बोटीनेच होती.

मग हे सगळे थांबले कशाने? रोगाने किंवा दुष्काळाने नव्हे. दुसऱ्या महायुद्धानंतर झटपट विरघळणारी कॉफी घराघरांत आली. चिकोरीच्या साराच्या बाटल्या जुनाट वाटू लागल्या. मजुरी वाढली, बाहेरून स्वस्त माल येऊ लागला. दुसरीकडे पर्यटकांची रीघ लागली, कारण संध्याकाळी समुद्रातून किनाऱ्यावर चालत येणारे इवलेसे पेंग्विन पाहायला लोक लांबून येतात. जमीन पिकापेक्षा सुटीच्या घरांसाठी महाग झाली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शेते एकेक करून मोडली. उरल्या त्या काही भट्ट्या. त्यांतल्या काही आज वारसा म्हणून जपल्या जातात.

बेटावरच्या शेतकऱ्याने आपल्या कामात कुठलीच कसूर केली नव्हती. तो जे पिकवत होता ते दुसऱ्याच्या नावाने विकले जात होते, एवढेच. लोक मागत ती कॉफी. चिकोरी मागायला दुकानात कुणी जात नसे. त्यामुळे ती नाहीशी झाली तेव्हा गिऱ्हाइकाला चुकल्यासारखेही वाटले नाही.

आपल्या देशातली चिकोरी

भारतात मात्र ही शेती जिवंत आहे. तांबरममध्ये ना कॉफी पिकते ना चिकोरी. कॉफी येते चिक्कमगळुरू, कोडगू, निलगिरी आणि शेवरॉयच्या डोंगरांतून. चिकोरी येते थेट गुजरातेतून. जामनगर, आणंद आणि खेडा हे तिचे जिल्हे. उत्तर प्रदेशात एटा आणि कासगंज या भागांतही ती होते. हे आपल्याकडचे रब्बीचे पीक. थंडीत मुळे पोसतात आणि काढणीच्या वेळी ऊन तापू लागलेले असते. फिलिप बेटावर ज्या कामासाठी रात्रभर लाकूड जाळावे लागे, ते काम इथे चैत्रातले ऊन फुकटात करून देते. मुळांचे तुकडे उघड्यावर पसरले, की खडखडीत वाळतात. मग ते कारखान्यात भाजायला जातात.

आता चिकोरीला आणखी एक गिऱ्हाईक मिळाले आहे. तिच्या मुळातले इन्युलिन काढून ते तंतुमय पदार्थ म्हणून खाद्यपदार्थांत घालतात. बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये हा मोठा उद्योग आहे. पण आपल्या गुजराती शेतकऱ्याचा भरवसा अजून मुख्यतः कॉफीच्या पेल्यावरच आहे.

या पेल्यात दक्षिण भारताने एक गोष्ट वेगळी केली. जी चिकोरी युरोपात नाइलाज म्हणून आणि इंग्लंडमध्ये लबाडी म्हणून आली, तिला इथल्या गिऱ्हाइकाने नाव घेऊन मागितले. “चिक्करी किती?” या प्रश्नाला उत्तर देणारा माणूस फसवला जात नाही. तो आपल्या जिभेला आणि खिशाला मानवेल ते प्रमाण ठरवतो. कायदाही तेच सांगतो: कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी कमीत कमी ५१ टक्के असलीच पाहिजे आणि दोन्हींचे प्रमाण पाकिटावर छापलेच पाहिजे.

निव्वळ कॉफी म्हणून घेतलेल्या पुडीबद्दल शंका आली, तर घरीच पाहता येते. काचेच्या पेल्यात थंड पाणी घ्या आणि वर चिमूटभर पूड हलकेच भुरभुरा. कॉफी बराच वेळ तरंगत राहते. चिकोरी मात्र लगेच खाली बसू लागते आणि जाताना पाण्यात तपकिरी रेघा सोडते. मुले हा प्रयोग आवडीने करतात.

आणि पाकिटावर “चिकोरी ३० टक्के” असे दिसले, तर नाक मुरडण्याआधी थोडे थांबा. एक-दोनदा कमी-जास्त प्रमाण करून पाहा आणि आपल्या घराला कोणते रुचते ते ठरवा. त्या तीस टक्क्यांसाठी जामनगरकडच्या कुणीतरी थंडीच्या तोंडावर बी पेरलेले असते आणि वाकून वाकून मुळे उकरलेली असतात. त्याचे गिऱ्हाईक त्याच्या शेतापासून सुमारे दीड हजार किलोमीटरवर, तांबरमसारख्या गावात, रोज सकाळी त्याच्या पिकाचे नाव घेते. फिलिप बेटावरच्या शेतकऱ्याला असे गिऱ्हाईक मिळाले नव्हते.