बामणोलीची लाँच

वासोट्यावर लिहा असं पुतण्या कधीचा म्हणतोय. पण किल्ल्याबद्दल माझ्याकडे फारसं नाही. चढताना दम लागला, बाबूकडा डोळे भरून पाहिला, गुडघे सांभाळत उतरलो. लिहायचं आहे ते लाँचबद्दल.

२०११ सालचा जानेवारी. मी निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. पुतण्या आणि त्याचे कर्जतचे मित्र निघाले होते, 'काका, चला' म्हणाले आणि मी निघालो. सगळ्यांच्या पाठीवर भल्यामोठ्या सॅक. माझी मुद्दाम हलकी भरली होती हे मला परत आल्यावर कळलं. पुणे, सातारा आणि पुढे एसटीने कासच्या पठारावरून बामणोली. रात्री पाण्याकाठी तंबूत काढली. थंडी अशी की आमच्या पळसदरीच्या तळ्यावरची पहाट उबदार वाटावी.

वासोट्याच्या पायथ्याशी जायचं तर शिवसागर ओलांडायला लागतो. कोयना धरणाचा हा जलाशय. परवानगीचे कागद झाले, लाँच ठरली. आम्ही नऊ जण, आणि वाटेत पलीकडच्या काठाला उतरणारी चार गावकरी माणसं. लाँचवाल्याने त्यांना आम्हाला न विचारताच घेतलं, आणि ते बरोबरच होतं. त्यांना दुसरी वाट कुठली? आमच्या सॅक, त्यांची तांदळाची गोणी, रॉकेलचा कॅन, एक कोंबडी. इंजिन एवढं धडधडत होतं की बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागे. दोन्हीकडे जंगल थेट पाण्यापर्यंत उतरलेलं. मधे फक्त तांबड्या मातीचा एक पट्टा, पाणी उतरत चालल्याची खूण.

मी वर्गात कोयना कितीदा शिकवली असेल! धरणाची उंची १०३ मीटर, पाणी बोगद्यातून सह्याद्री ओलांडून पोफळीला, तिथे वीज, मग ते पाणी वाशिष्ठीला. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप. महाराष्ट्राची जीवनरेखा, असं फळ्यावर लिहून खाली दोन रेघा मारायचो. नकाशात जलाशय निळ्या खडूने भरायचो. खडू आडवा धरला की काम झटकन होतं.

शेजारी एक आजी बसल्या होत्या. माझ्याहून पंधरा वर्षांनी तरी मोठ्या.

"कुठलं म्हनायचं तुमी?"

"कर्जतजवळचा. पळसदरी."

"म्हंजी पनवेलाकडं का?"

"त्याच बाजूला."

"आमची निम्मी भावकी तकडंच गेली. धरान झालं तवा." मग त्यांनी लाँचच्या काठावरून हात बाहेर काढून खाली पाण्याकडे दाखवलं. "आमचं घर हितं हाय."

मी पाण्यात पाहिलं. हिरवंकाळं पाणी, दुसरं काय दिसणार? पण माझ्या मराठीच्या मास्तराच्या कानाला ते 'हाय' टोचलं. 'व्हतं' नाही, 'हाय'.

आणि एक वही आठवली.

नोकरीची पहिली काही वर्षं मी पनवेल तालुक्यात होतो. कोयनेतून उठवलेली बरीच कुटुंबं तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात आणून वसवली होती. तळोज्याजवळचं कोयनावेळे तर नावातच कोयना बाळगून आहे. तशाच एका वस्तीतला मुलगा माझ्या सहावीच्या वर्गात होता. साल १९७७ असावं. निबंध होता 'माझे गाव'. त्याने लिहिलं होतं, आमच्या घरापुढे नदी आहे, पाणी गुडघाभर असते, पलीकडे आमचे शेत आहे. अक्षर सुरेख. पण मुलगा जन्मला इकडे, वाढला इकडे. मी लाल शाईने लिहिलं, 'न पाहिलेल्या गावाचे वर्णन करू नये. आपण राहतो ते गाव लिहावे.' दहापैकी तीन गुण. त्याने वही घेतली आणि काही बोलला नाही. पुढच्या निबंधापासून तो मोजक्या ओळी लिहायला लागला, अगदी बिनचूक. मला वाटलं, सुधारला.

त्याच आठवड्यात मी फळ्यावर निळा खडू आडवा फिरवला होता की नाही, ते आठवत नाही. फिरवलाही असेल.

लाँच एका उतारापाशी लागली. धक्का नाही, नुसती फळी टाकली. पोरांनी गोणी उतरवून दिली. आजी कोंबडी बगलेत धरून माझ्या हाताच्या आधाराने उतरल्या. उतरल्यावर मागे वळून म्हणाल्या, "गाठ पडली आमच्या मान्सांची तर सांगा, यंदा पानी लई हाय."

"सांगतो," म्हटलं. गावाचं नाव विचारायचं राहिलंच. इंजिन पुन्हा सुरू झालं होतं.

पुढे वासोटा झाला, फोटो झाले. फोटोंत मी हसतोय.

तो मुलगा आज साठीचा असेल. पळसदरीहून पनवेल, तळोजा काही लांब नाही. दर दिवाळीला जाईन म्हणतो. अजून जाणं झालेलं नाही.