परदेशाची वाट आणि परळची वाट

वाचकहो, पोटाच्या कर्करोगाचे नाव निघाले, की घरातल्या माणसांच्या दोन तऱ्हा होतात. काहीजण हातपाय गाळून बसतात. काहीजण म्हणतात, "पैसा पाण्यासारखा जाऊ दे, पण माणूस परदेशात नेऊ." दुसरी तऱ्हा मायेपोटीच असते, पण तिच्यापायी जमिनी विकल्या जातात, म्हणून तिच्याविषयी चार शब्द तुमच्याशी बोलावेत असे वाटले.

आम्ही भाईंदरला राहतो. वसईच्या खाडीअलीकडचे हे गाव पूर्वी मिठागरांचे नि भातखाचरांचे. आता मीरा-भाईंदर महानगरपालिका झाली आहे आणि लोकलमध्ये पाय ठेवायला जागा नसते. गावाकडचा कोणी परळच्या टाटा रुग्णालयात दाखवायला आला, की मुक्काम आमच्याकडे. त्यामुळे या दुखण्याची बरीच कागदपत्रे आमच्या ओटीवर उलगडली गेली आहेत.

माझ्या धाकट्या बहिणीच्या यजमानांचेच उदाहरण घ्या. सातारा जिल्ह्यातले बागाईतदार. शौचावाटे रक्त जात होते. मूळव्याध समजून आठ महिने झाडपाला आणि मलम चालले. अंगावरचे कपडे सैल झाले तेव्हा कुठे दुर्बिणीने तपासणी झाली, तुकडा काढला आणि गुदाशयाचा कर्करोग निघाला. भावकीतल्या एकाने सांगितले, "अमेरिकेत हे ऑपरेशन एका दिवसात करतात. विहिरीजवळचे दोन एकर काढा." गिऱ्हाईकही दारात उभे राहिले. बहिणीचा फोन आला, "दादा, इसार घेऊ का?" मी म्हटले, "इसार घेऊ नकोस. आधी त्यांना घेऊन ये."

परदेशी जाण्यात कमीपणा काही नाही. पोटातल्या कर्करोगावरची शस्त्रक्रिया तिकडच्याच लोकांनी आधी साधली. १८८१ साली व्हिएन्नात बिलरोथ नावाच्या शल्यविशारदाने कर्करोग झालेला जठराचा भाग कापून उरलेले आतड्याला जोडले. तो रोगी काही महिनेच जगला, पण पुढच्यांना वाट सापडली. आपल्याकडे काहीच नव्हते, तेव्हा ऐपतदार माणसे बोटीने विलायतेला जात. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई रक्ताच्या कर्करोगाने १९३१ साली वेल्समध्ये गेल्या. असे उपचार आपल्या देशात व्हावेत, हे दोराबजींच्या मनाने घेतले. पुढच्याच वर्षी तेही गेले. पण त्यांच्या विश्वस्त निधीने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा रुग्णालय उघडले. १९६२ पासून ते केंद्राच्या अणुऊर्जा खात्याकडे आहे. म्हणजे परळची ही वाट परदेशच्या दुःखातूनच निघाली. आज आफ्रिकेतले, आखातातले, बांगलादेशातले रोगी शस्त्रक्रियेसाठी मुंबईत येतात, आणि आपण मात्र जमीन विकून उलट दिशेला निघतो!

पैसा आणि परदेश म्हणजे हमखास गुण, असेही नाही. गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांना स्वादुपिंडाचा कर्करोग झाला. २०१८ च्या मार्चमध्ये ते उपचारासाठी अमेरिकेला गेले, जूनमध्ये परतले, पुन्हाही जाऊन आले. १७ मार्च २०१९ रोजी गोव्यात त्यांचे निधन झाले. उपचारांत उणे काही राहिले नसेल. रोगच तसा दांडगा. स्वादुपिंड पोटात खोल दडलेले असते. तिथला रोग बहुधा वाढल्यावरच कळतो.

आता "एका दिवसाचे ऑपरेशन" पाहा. आमच्या दाजींना आधी पाच आठवडे शेक दिला, सोबत औषधे. शनिवार-रविवार सोडून रोज भाईंदर ते दादर लोकल आणि तिथून परळ. मग गाठ आक्रसावी म्हणून काही आठवडे थांबले आणि नंतर शस्त्रक्रिया. जोडलेले आतडे भरून यावे म्हणून पोटावर छिद्र करून पिशवी लावली. पिशवी पाहून त्यांनी दोन दिवस भिंतीकडे तोंड केले. पण बहीण ती बदलायला शिकली आणि घरी गेल्यावर ते तिच्यासकट पाटावर जाऊन पाणी पाहू लागले. काही महिन्यांनी ती बंद केली. अजून ठरल्या दिवशी तपासणीला येतात. ही वर्षानुवर्षांची ये-जा विमानाने करायची म्हटली, तर दोन एकर काय, सगळे रानही पुरायचे नाही.

शेतकरी बंधू-भगिनींनो, म्हणून एवढे करा. शौचावाटे रक्त, काळा शौच, घास गिळताना अडकणे, डोळे पिवळे होणे, उगाच वजन घटणे, यांपैकी काही दिसले की अंगावर काढू नका. मूळव्याध आहे की आणखी काही, हे तपासल्याशिवाय कळत नाही. शस्त्रक्रिया अशा ठिकाणी करा, जिथे तीच शस्त्रक्रिया नेहमी होते. सरावाचा हात मोलाचा. सगळ्यांनाच मुंबई गाठायला नको. बार्शीला नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आहे, नागपूरलाही कर्करोगाची रुग्णालये आहेत. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या अनेक शस्त्रक्रिया बसतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो, त्याला रेशनकार्ड आणि आधार दाखवून विचारा. मुंबईत आसरा नसेल तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती रोग्यांची सोय करतात. दुसरे मत हवे असेल तर माणसाआधी कागद पाठवा. तपासणीचे कागद आणि तुकड्याच्या काचा तज्ज्ञांकडे पाठवता येतात. तज्ज्ञांनीच सांगितले, की अमुक उपचार इथे होत नाही, तर परदेशाचा विचार जरूर करावा. मात्र तो सल्ला डॉक्टरांचा असावा, पारावरचा नव्हे.

दाजींच्या विहिरीजवळ यंदा हळद उभी आहे. मला विचाराल तर त्यांचे जे वाया गेले, ते अमेरिकेला न जाण्याने नव्हे. मूळव्याधीच्या मलमात गेलेले आठ महिने, तेच खरे वाया गेले. तेवढे तुमच्या घरात जाऊ देऊ नका.