संकोचाच्या दारापलीकडे

आपल्या घरांतून मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी यांविषयी जेवणाच्या पंगतीतही मोकळेपणाने बोलले जाते. मात्र खोकताना, शिंकताना किंवा जिना चढताना लघवीचे थेंब गळतात, ही गोष्ट सख्ख्या बहिणीलाही सांगितली जात नाही. साठीनंतर मला हा त्रास सुरू झाला. लांबचा प्रवास टाळणे, लग्नसमारंभात दाराजवळची जागा शोधणे, असे जगणे हळूहळू आक्रसत गेले. स्त्रीरोगतज्ज्ञांनी तपासणी व लघवीची चाचणी करून ‘पेल्विक फ्लोअर फिजिओथेरपी’ सुचवली. तिथे नेमके काय होते, हे सांगणारे कोणी भेटले नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत, स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय व गुदाशय यांना ती आधार देते. बाळंतपणे, जुनाट खोकला, वाढलेले वजन आणि कायमची बद्धकोष्ठता यांमुळे ती दुबळी होऊ शकते. ही झोळी पुरुषांनाही असते; प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर लघवीवर ताबा राहत नसेल, तर त्यांनाही हाच उपचार सुचवला जातो.

पहिली भेट सुमारे तासभराची होती आणि तिचा अर्धा वेळ केवळ बोलण्यात गेला. बाळंतपणे किती व कशी झाली, दिवसातून व रात्रीतून किती वेळा उठावे लागते, चहा किती, शौचाला जोर करावा लागतो का, असे प्रश्न त्या तरुण फिजिओथेरपिस्टने शांतपणे विचारले. नंतर तीन दिवसांची नोंदवही ठेवण्यास सांगितले: किती प्यायले, केव्हा लघवी झाली, केव्हा गळती झाली. रोजकीर्द लिहिणाऱ्या घरांना ही शिस्त नवी नाही. ताळेबंद जुळवण्यापूर्वी नोंदी हव्यातच.

पुढे तपासणीची वेळ आली. “काकू, आज काय तपासायचं आणि काय नाही, हे तुम्ही ठरवायचं,” असे तिने आधीच सांगितले. श्वास घेण्याची पद्धत, कंबर, पोट व मांड्यांची ताकद बाहेरून पाहिली. योनीमार्गातून हातमोजा घातलेल्या बोटाने स्नायूंची ताकद अजमावणे ही तपासणी संमतीनेच होते. ती पहिल्या दिवशी नाकारता येते, मध्येच थांबवता येते, आणि सोबत घरच्या बाईला बसवता येते. मी जाऊबाईंना सोबत बसवून होकार दिला. दोन-तीन मिनिटांत ती संपली. अंगावर चादर होती आणि पुढचे प्रत्येक पाऊल आधी सांगितले जात होते.

व्यायाम दिसायला साधा आहे. लघवी व वायू रोखल्यासारखे स्नायू आत व वर ओढायचे, काही सेकंद धरायचे, मग पूर्ण सैल सोडायचे. श्वास कोंडायचा नाही, मांड्या आवळायच्या नाहीत. सर्वसाधारणपणे आठ-आठ वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. हे व्यायाम अमेरिकेतील डॉ. अर्नोल्ड केगेल यांच्या 1948 मधील लेखनामुळे सर्वत्र परिचित झाले. खोकला येण्याआधी क्षणभर तेच स्नायू आवळावेत, ही युक्ती मला विशेष उपयोगी पडली. मात्र काहींचे स्नायू सैल नसून ताठलेले असतात. त्यांना आधी शिथिलीकरण शिकवावे लागते. म्हणून ऐकीव माहितीवर व्यायाम सुरू करू नयेत.

गळतीच्या भीतीने पाणी कमी पिणेही योग्य नाही. घट्ट लघवीने मूत्राशय अधिक चिडचिडे होते. लघवीत रक्त, जळजळ किंवा ताप असल्यास प्रथम डॉक्टरांकडेच जावे.

तीन महिन्यांनी माझा त्रास पूर्ण गेला असे म्हणणार नाही. परंतु प्रवासाला निघताना पूर्वीसारखी धास्ती वाटत नाही. दिवसभर पेढीवर बसणाऱ्या भगिनींनी आणि शस्त्रक्रियेनंतर मूकपणे सोसणाऱ्या बंधूंनी हे वाचावे. सुनेने सासूबाईंना, मुलाने वडिलांना, हलक्या शब्दांत एकदा विचारावे. त्या खोलीत आपल्या संमतीशिवाय काहीही होत नाही, एवढे ठाऊक असले तरी दार उघडणे सोपे जाते.