कोपरा कापलेले कार्ड

आमच्या खटाव-माणच्या मुलखात कुणाच्या मृत्यूची वार्ता कळवावयाची झाली, म्हणजे कार्डाचा एक कोपरा फाडून ते टपालात टाकण्याचा परिपाठ होता. असले कार्ड उंबऱ्याच्या आत कुणी नेत नसे. बाहेरच्या बाहेर वाचून घ्यावयाचे, फाडून टाकावयाचे आणि मग अंगावरून पाणी घ्यावयाचे. ज्याला अक्षरओळख नाही, त्यालाही हे एक कार्ड वाचता येई. हा रिवाज लष्करी टपालाच्या सेन्सॉरला ठाऊक नव्हता, आणि त्यापायी एका घरावर जे ओढवले, ते इतकी वर्षे माझ्या मनातून गेलेले नाही.

1943 च्या सप्टेंबरात आमची आठवी हिंदी डिव्हिजन इटलीच्या टारांटो बंदरात उतरली. मी मराठा पलटणीत कारकुनी करीत असे, आणि व्हर्नाक्युलर फायनलपर्यंत शिकलेला असल्यामुळे, ज्यांना लिहिता येत नसे अशा जवानांची पत्रे संध्याकाळी तंबूच्या दाराशी कंदील ठेवून मीच लिहीत असे. मुक्कामाचे नाव लिहू नये, पलटणीच्या हालचाली लिहू नयेत, कोण पडले आणि किती पडले हे लिहू नये, असा सक्त हुकूम होता. माझ्याच तालुक्यातला एक पोरगेला शिपाई आईला कार्ड लिहवून घेत असता, शाळेत लागलेल्या वळणाने माझ्या हातून वरच्या उजव्या कोपऱ्यात 'मुक्काम टारांटो' असे लिहून गेले. त्यावर काळी शाई फिरविली असती तरी काम भागले असते. परंतु सेन्सॉर कचेरीतल्या कुणीतरी कात्री घेऊन तो कोपराच सफाईने उतरवून टाकला.

कार्ड गावी पोहोचले तेव्हा म्हातारी अंगणात शेणी थापीत होती. शेणाने भरलेल्या हातांनीच तिने ते उचलले, कोपरा पाहिला, आणि तिने जो हंबरडा फोडला तो ऐकून सारी आळी धावत आली. वाचणारे मास्तर बाजाराला गेलेले. ते दुसऱ्या दिवशी सकाळी परतले. मधल्या रात्रीत सुनेचे कुंकू पुसले गेले, हातातल्या बांगड्या फुटल्या. मास्तरांनी वाचून दाखविले ते इतकेच : आम्ही येथे सुखरूप आहो, काळजी करू नये, म्हैस विकू नये.

हे सारे मास्तरांनीच मला सविस्तर कळविले. त्यांचे पत्र माझ्या हाती पडले तेव्हा ज्याने म्हैस विकू नये म्हणून लिहविले होते, तो सांग्रो नदीच्या चिखलात पडून पंधरवडा लोटला होता.

युद्धात गुप्तता हवी, हे मला मान्य आहे. शत्रूला आपला ठावठिकाणा समजू नये, हे शहाण्या शिपायाला सांगावे लागत नाही. परंतु घरून येणाऱ्या पत्रांतल्या कोणत्या ओळींनी जर्मनांचे साधणार होते? 1942 च्या सप्टेंबरात, आम्ही इराकात असताना, वडूजच्या मामलेदार कचेरीवर मोर्चा गेला, पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि नऊ जण हुतात्मे झाले. माझ्या थोरल्या भावाने मला ते लिहिले असावे. कारण त्याच्या पत्रात 'गेल्या बुधवारी वडुजास' एवढ्या शब्दांपुढे कागदाला एक चौकोनी खिडकी पडलेली होती, आणि तिच्यातून मला माझाच गुडघा दिसत होता. त्या खिडकीत काय होते ते मला वर्षभराने, पलटणीत नव्याने भरती होऊन आलेल्या पोरांच्या तोंडून समजले. ज्या सरकारचा गणवेश मी अंगावर घातला होता, त्याच सरकारने माझ्या तालुक्यातल्या माणसांवर गोळी चालविली होती, आणि मी त्याचे मीठ खात राहावे म्हणून ते माझ्यापासून लपविले होते. हे लष्करी गुपित नव्हते. ही फसवणूक होती.

राजकारणाविषयीही माझे मत याहून निराळे झाले नाही. 3 सप्टेंबर 1939 रोजी व्हाइसरॉयने हिंदुस्थानला कुणालाही न विचारता युद्धात ओढले, म्हणून काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले, आणि ते योग्यच होते. पुढे कुणी सैन्यात शिरा म्हणाले, कुणी शिरू नका म्हणाले, कुणी हे लोकयुद्ध आहे असे सांगू लागले. परंतु माणच्या ओसाड माळावरचा कुणबी सैन्यात का शिरतो, हे यांपैकी एकानेही त्याच्या ओसरीवर बसून विचारलेले मला स्मरत नाही. तो शिरतो, कारण दुष्काळात ज्वारी पिकत नाही आणि तगाई फिटत नाही. लढाईहून परतल्यावर आम्हांला गावात 'सरकारचे चाकर' म्हणून ऐकून घ्यावे लागले. ज्या जिल्ह्यात प्रतिसरकार नांदले, तेथे आम्ही कुणाचेच नव्हतो.

माझ्या स्वतःच्या अपराधाविषयी बोलल्याखेरीज मात्र मला थांबता येत नाही. त्या कापलेल्या कार्डानंतर मी इतका धास्तावलो, की जवान सांगू लागला 'लिवा, लई मानसं गेली', की मी 'हवा थंड आहे' असे लिही. तो सांगे 'झोप येत न्हाई', आणि मी 'प्रकृती उत्तम आहे' असे लिही. तो माझ्या विश्वासावर अंगठा उठवी. सेन्सॉरला माझ्या पत्रांत कापण्याजोगे काही सापडेनासे झाले. शेकडो पत्रे मी अशी लिहिली, आणि त्या माणसांच्या घरी ती अजूनही ट्रंकेच्या तळाशी त्यांचे शब्द म्हणून जपून ठेवलेली आहेत.

सांग्रोकाठच्या युद्धस्मशानभूमीत, ज्यांचे दहन झाले अशा पाचशेहून अधिक हिंदी सैनिकांची नावे कोरलेली आहेत. त्या पोराच्या मृत्यूची खरी तार घरी गेली, तेव्हा मास्तरांनी ती दोनदा वाचून दाखविली. म्हातारीने ती मानली नाही. सरकारचा कागद मागेही एकदा खोटा निघाला होता, असे ती म्हणाली. पुढे वडूजच्या खजिन्यातून तिला पेन्शन मिळू लागली. दर खेपेला अंगठा उठवून ती रुपये मोजून घेई आणि लेकाने पगार धाडला म्हणून शेजारणींना सांगे. सुनेला मात्र तिने पुन्हा बांगड्या भरल्या होत्या, त्या उतरू दिल्या नाहीत.